गिटारवरची चित्रपटगीते: पार्श्वभूमी

हिंदी चित्रपटगीतांच्या चाली गिटारवर वाजवून त्यांच्या स्वतंत्र तबकड्या काढण्याची प्रथा साठ आणि सत्तरच्या दशकांत भरात होती. मूळ गाणे श्रोत्याला पाठ आहे असे गृहीत धरून वादक गायकाची ओळ तारेवर उतरवीत असे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे दहा-बारा गाण्यांचा सलग संच शक्य झाला तो दीर्घवादन तबकडी (एलपी) आल्यावरच.

या तबकड्यांच्या वेष्टनांवर छापलेला ‘इलेक्ट्रिक गिटार’ हा शब्द आजच्या वाचकाला हमखास चकवतो. त्या शब्दाने डोळ्यांसमोर येते ती गळ्यात अडकवलेली, पडद्यांवर बोटांनी तारा दाबून वाजवायची गिटार. तबकडीवर बहुधा ऐकू येते ती मात्र मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवलेली हवाईयन गिटार, जिला विजेच्या ध्वनिवर्धनाची जोड दिलेली असे. ‘हवाईयन’ हे वादनपद्धतीचे नाव आणि ‘इलेक्ट्रिक’ हे ध्वनिवर्धनाचे, त्यामुळे एकाच वाद्याला दोन्ही लागू पडू शकतात. पण छापताना अनेकदा एकच नाव ठेवले गेले आणि तो घोळ पुढच्या पुनर्मुद्रणांतही उतरला. हा वाद निव्वळ शब्दांचा नाही. पडदे असलेल्या गिटारवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, तार ताणण्याच्या मर्यादेतच निघते, तर सरकत्या कांडीखाली दोन स्वरांमधली सगळी वाट मोकळी असते, आणि लोकांना ओळखीचा वाटणारा गळा तिथेच सापडतो. विचित्रवीणेवरचा बट्टा, म्हणजे तारांवरून सरकवायचा गोटा, ठाऊक असलेल्या कानांना हे तंत्र परके वाटण्याचे कारणही नव्हते.

हे तंत्र हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडले आणि तिथल्या फिरत्या वादकांबरोबर भारतात येऊन मुख्यतः कोलकात्यात रुजले.

कॅसेटच्या काळात इतरांच्या चाली पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याच्या कायदेशीर सवलतीवरून बरेच तंटे झाले. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने या सवलतीची चौकट आवळली: पूर्वी मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षे थांबावे लागे, आता पाच, शिवाय हक्कधारकाशी स्वेच्छेने करार न होता कायद्याच्या आधारे परवाना घ्यायचा, तर प्रत्येक गाण्यामागे दरवर्षी सर्वसाधारणपणे किमान 50,000 प्रतींचे मानधन भरावे लागते. गाजलेल्या गायकाला नव्या आवाजात आव्हान देणाऱ्या कंपनीला आणि बारा जुन्या चाली वाजवू पाहणाऱ्या एकट्या गिटारवादकाला कायद्याने इथे एकाच मापाने मोजले आहे.