अमेरिकन अध्यक्षीय मतदान : पक्षनिष्ठा आणि विचारसरणी

अमेरिकेत अध्यक्ष निवडताना मतदार पक्ष बघतो, उमेदवार बघतो की लिबरल-कॉन्झर्व्हेटिव्ह (ढोबळमानाने उदारमतवादी-परंपरावादी) असा विचार बघतो, यावर तिथले राज्यशास्त्रज्ञ साधारण १९५० च्या दशकापासून वाद घालतायत. इलेक्टोरल कॉलेज (अध्यक्ष निवडणारे राज्याराज्यांचे प्रतिनिधी), २७० चा आकडा (त्यांच्यातलं बहुमत) वगैरे माहीत आहे असं धरून इथे फक्त मतदाराच्या निवडीबद्दल.

वादाचं मूळ मिशिगन विद्यापीठात. कॅम्पबेल, कॉन्व्हर्स, मिलर आणि स्टोक्स यांनी १९६० मध्ये मांडलं की पक्षनिष्ठा बहुधा घरातूनच येते, सहसा टिकते, आणि उमेदवार किंवा मुद्दे यांबद्दलचं मत तिच्यामुळेच बनतं. एखाद्या वेळी माणूस दुसरीकडे मत देतो, पण स्वतःला आपल्याच पक्षाचा म्हणवतो; १९५२ आणि १९५६ ला रिपब्लिकन आयझेनहॉवर जिंकले तेव्हाही स्वतःला डेमोक्रॅट म्हणवणारेच जास्त होते.

राज्यशास्त्रज्ञ फिओरिना यांना हे पटलं नाही. त्यांच्या मते (१९८१) पक्षनिष्ठा म्हणजे सरकारच्या कामगिरीचा मतदाराने मनात ठेवलेला चालू हिशोब, कामगिरी बिघडली की निष्ठाही हलते. १९८९ मध्ये मॅक्युएन, एरिक्सन आणि स्टिमसन यांनी गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या आकड्यांवरून दाखवलं की देशपातळीवरची पक्षनिष्ठा अर्थव्यवस्था आणि अध्यक्षाची लोकप्रियता यांच्याबरोबर वरखाली होते. पण इथे एक खोच आहे, गॅलप विचारतं ‘आजच्या घडीला’ तुम्ही कोणत्या पक्षाचे, आणि मिशिगनवाले विचारतात ‘एरवी साधारणपणे’, मग पहिल्यात जास्त हालचाल दिसणारच ना! ग्रीन, पामक्विस्ट आणि शिकलर यांनी (२००२) मोजमापातल्या चुका वजा करून निष्ठा बरीच स्थिर असल्याचं आणि ती धर्मासारखी सामाजिक ओळख असल्याचं मांडलं. एकूण पुरावा निष्ठा स्थिर असण्याच्याच बाजूला जास्त झुकतो असं दिसतं.

मिशिगनच्या सात पायऱ्यांच्या मापात (एका टोकाला कट्टर डेमोक्रॅट, दुसऱ्या टोकाला कट्टर रिपब्लिकन) स्वतःला ‘इंडिपेंडंट’, म्हणजे अपक्ष, म्हणणाऱ्यांना पुढे विचारतात की कल कुठे आहे, आणि असे कल सांगणारे मत देताना बऱ्याचदा पक्षवाल्यांसारखेच वागतात, त्यामुळे खरे अपक्ष मतदार वाटतात त्यापेक्षा कितीतरी कमी.

विचारसरणीचं प्रकरण जरा नाजूक आहे. कॉन्व्हर्स यांनी १९६४ मध्ये १९५६ चा सर्व्हे वापरून सांगितलं की खऱ्या अर्थाने विचारसरणीच्या चौकटीत विचार करणारे जेमतेम अडीच टक्के. शिवाय कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे एरवी सरकारी खर्च कमी हवा म्हणणारे, पण स्वतःला तसं म्हणवणारे पुष्कळ जण सरकारी योजनांवर खर्च वाढवा असंही सांगतात. तरी उमेदवार फार टोकाचा वाटला की फटका बसतो असं म्हणतात, उदाहरणं ठरलेली: १९६४ चे रिपब्लिकन गोल्डवॉटर, १९७२ चे डेमोक्रॅट मॅकगव्हर्न (यांना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन एवढंच मिळालं). पण दोन्ही वेळा समोर पदावर असलेला अध्यक्ष होता, तेव्हा सगळं खापर विचारसरणीवर फोडणं अवघड.

गोल्डवॉटर हरले तरी डीप साउथची (अगदी दक्षिणेकडची) पाच राज्यं घेऊन गेले. नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले गोरे कॉन्झर्व्हेटिव्ह हळूहळू, काही दशकांत, डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन झाले आणि पक्ष व विचार जुळत गेले. याला फिओरिना नुसती फेरमांडणी म्हणतात (लोकांचे विचार तेच, फक्त पक्ष विचारांप्रमाणे बदलले), तर दुसरे अभ्यासक अब्रामोविट्झ खरं ध्रुवीकरण म्हणतात (लोकांचे विचारच एकमेकांपासून लांब गेले). परिणाम दोघांनाही मान्य असावा, आज पक्षनिष्ठा आणि विचारसरणी हे दोन्ही घटक वेगळे करून मोजणंच कठीण झालंय. बार्टेल्स यांच्या मते (२०००) पक्षनिष्ठेचा मतावरचा प्रभाव १९७० च्या दशकात उतरून पुन्हा चढला. अलीकडे आपल्या पक्षाच्या प्रेमापेक्षा समोरच्याचा तिटकारा जास्त मतं फिरवतो असंही मांडलं जातं.

दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या तिसऱ्या उमेदवारांपैकी रॉस पेरो यांना १९९२ मध्ये जवळपास १९ टक्के मतं मिळाली, त्यात अपक्ष म्हणवणाऱ्यांचा जोर होता. इलेक्टोरल मत एकही नाही.