फोनपेक्षा जड कॅमेरा

मोटोरोलाच्या ‘मोटो झेड’चं वजन १३६ ग्रॅम होतं आणि त्याच्या पाठीला चिकटवायच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्याचं १४५. २०१६ साली हा फोन भारतात ३९,९९९ रुपयांना आला; कॅमेऱ्याचे आणखी १९,९९९. दहापट ऑप्टिकल झूम मिळायचा, म्हणजे भिंगं खरोखर पुढेमागे सरकून दूरचं जवळ आणायची. चित्र कापून ताणायची चलाखी नव्हती. तंत्रात खोट काढायला जागा कमीच. पण लग्नाला जाताना तो ठेवायचा कुठे? फोनला लावून ठेवला तर फोन खिशात शिरत नाही आणि काढून ठेवला तर ऐन अंतरपाट दूर होताना तो सापडत नाही.

सुट्या भागांच्या फोनची कहाणी याच खिशापाशी अडते, असं माझं मत. त्यातलं विज्ञान मात्र फार देखणं होतं.

२०१३ मध्ये डेव्ह हाकेन्स या डच डिझायनरने ‘फोनब्लॉक्स’ नावाचा व्हिडिओ टाकला: कॅमेरा जुना झाला तर कॅमेऱ्याचा ठोकळा बदला, फोन फेकू नका. मोटोरोला तेव्हा गूगलच्या मालकीची होती, आणि त्याच सुमारास तिथल्या एका चमूने ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर केला. ठोकळे सांगाड्यात धरून ठेवायला त्यांनी योजलेले चुंबक मला आजही आवडतात. निओडायमियमचा एक चुंबक आणि अल्निको या मिश्रधातूचा एक, शेजारी शेजारी. निओडायमियम हट्टी, दिशा बदलत नाही. अल्निकोभोवती तारेची गुंडाळी असते. तिच्यातून क्षणभर वीज सोडली की अल्निकोचे ध्रुव उलटतात. दोघांची दिशा एक असेल तर ओढ बाहेर पडते आणि ठोकळा घट्ट बसतो. दिशा विरुद्ध झाली की चुंबकक्षेत्र आतल्या आत फिरत राहतं आणि ठोकळा सुटतो. वीज लागते ती फक्त दिशा बदलताना. धरून ठेवायला शून्य.

पण धरून ठेवणं हा सोपा भाग. नेहमीच्या फोनमध्ये प्रोसेसर, मेमरी वगैरे एकाच पाटीवर दाटीवाटीने बसवलेली असतात. ती वेगळी केली की प्रत्येकाला स्वतःचं कवच हवं, स्वतःचे संपर्कबिंदू हवेत, आणि प्रत्येक फटीतून धूळ-पाणी शिरायची भीती. ती जागा जाते कुणाची? बहुतेक वेळा बॅटरीची. शिवाय आराच्या चमूने लोकांना विचारून पाहिलं, तर बहुतेकांना प्रोसेसर बदलण्यात रसच नव्हता. तो असावा आणि चालावा, एवढंच. मग मे २०१६ मध्ये प्रोसेसर आणि पडदा सांगाड्यातच पक्के झाले, आणि सप्टेंबरात प्रकल्पच गुंडाळला गेला.

त्याच वर्षी आलेल्या ‘एलजी जी५’ची हनुवटी, म्हणजे खालची कड, ओढली की बॅटरीसकट बाहेर यायची आणि तिथे दुसरं काही बसवता यायचं. पण बॅटरी निघाली की फोन बंद! कॅमेऱ्याची मूठ लावायची तर आधी फोन बंद करा, मग चालू करा. तोवर मांजर उठून गेलेलं. त्या मुठीत भिंगही नव्हतं. होती जास्तीची बॅटरी, बटणं आणि झूमचं चाक. पुढच्या वर्षीच्या ‘जी६’मध्ये हे सगळं गायब.

मोटोरोलाने निदान फोन चालू असतानाच जोड बदलायची सोय केली. पाठीवर सोळा सोनेरी ठिपके, बाकी काम चुंबकाचं. पण आधी विकलेल्या जोडांना पुढचे फोनही चालले पाहिजेत, म्हणून ‘झेड’ मालिकेचा पाठीचा आराखडा २०१९ पर्यंत बांधलेला राहिला. इतरांचे फोन तेवढ्यात हवे तसे लांबट होत गेले.

मग सामान्य माणसाला जोड नकोच असते का? कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात जाऊन बघा. कव्हर, काच, पॉवरबँक, अंगठी, स्टँड यांचा खप कधी थांबलाय? यातलं बरंचसं फोन बदलला तरी टिकतं. ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२च्या पाठीत चुंबकांचं कडं बसवलं ते मुळात चार्जिंगसाठी. बिनतारी चार्जिंगमध्ये दोन गुंडाळ्या समोरासमोर नीट आल्या नाहीत, तर वीज उष्णतेत वाया जाते. कडं त्यांना जागेवर आणतं. पाकिटं आणि स्टँडही त्याच कड्याला चिकटले. २०२३ मध्ये ‘ची-२’ (Qi2) या बिनतारी चार्जिंगच्या, सगळ्या कंपन्यांसाठी खुल्या मानकात तशाच कड्याला जागा मिळाली. इथे जोड एका मॉडेलला बांधलेली नाही, आणि ती घरी विसरली तरी फोनचं काही अडत नाही.

नेदरलँड्सचा ‘फेअरफोन’ सुटे भाग वापरतो, पण ते दुरुस्तीसाठी: स्क्रूड्रायव्हर घ्या, पडदा बदला, पुन्हा बंद करा. वर्षानुवर्षं उघडावंही लागत नाही.

हौशी इंजिनिअर मात्र ऐकत नाहीत. २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या प्रदर्शनात शाओमीने फोनला चुंबकाने चिकटणारी लेन्स दाखवली. तिच्या पोटातच मोठा सेन्सर, आणि चित्र फोनपर्यंत पोचतं ते लेझरच्या प्रकाशातून, सेकंदाला १० गिगाबिट वेगाने. मोटो झेडपेक्षा तंत्र कितीतरी पुढे गेलंय. लेन्स खिशात मावत नाहीच.