ॲरे फील्ड (वेब फॉर्ममधील)

वेब पानावरच्या फॉर्ममधून एकाच नावाखाली अनेक मूल्ये सर्व्हरकडे पाठवण्याची रीत. पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत फील्डच्या (भरायच्या रकान्याच्या) नावापुढे रिकामा चौकोनी कंस लावला, उदा., रक्कम[], की त्या नावाची सगळी मूल्ये एका ॲरेत, म्हणजे क्रमवार यादीत, गोळा होतात. कंस विसरला तर शेवटचे मूल्य तेवढे उरते.

वेब पान ज्यात लिहितात त्या एचटीएमएलला या कंसाशी काही देणेघेणे नाही. ब्राउझर तो नावातली अक्षरे म्हणून जसाच्या तसा पाठवतो. अर्थ लावते ती सर्व्हरवरची भाषा. पायथनच्या जँगो चौकटीत किंवा जावा सर्व्हलेटमध्ये (जावातल्या सर्व्हरवरच्या प्रोग्राममध्ये) कंसाशिवायही एका नावाची सगळी मूल्ये मागून घेता येतात.

खरी गोची चेकबॉक्सची. गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या गणेशोत्सव मंडळाने वर्गणीचा फॉर्म केला आहे असे धरू. दर बिऱ्हाडाला एक ओळ. तीत खोली[], रक्कम[] आणि पैसे हाती आले की टिक करायचा चेकबॉक्स जमा[]. खोल्या ११, १२, १३. त्यांपैकी १२ची वर्गणी यायची आहे. टिक न केलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. त्यामुळे खोल्या तीन पोचतात, टिका दोनच, आणि ॲरेतली मोजणी ०पासून असल्याने त्या क्रमांक ० व १ वर जाऊन बसतात. म्हणजे ११ आणि १२ची वर्गणी जमा, १३ची बाकी! बारावाले सुटले, आणि पैसे देऊन बसलेल्या तेरावाल्यांच्या दारात कार्यकर्ते पुन्हा पावतीपुस्तक घेऊन हजर. एरर कुठेच दिसत नाही, म्हणून ही चूक हिशेब जुळवायला बसेपर्यंत सापडत नाही.

उपाय म्हणजे कंस रिकामा न ठेवणे. वर्गणी[१२][रक्कम], वर्गणी[१२][जमा] अशी नावे दिली की प्रत्येक ओळीचा माल त्याच ओळीत राहतो. चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचे, ० मूल्याचे लपवलेले फील्ड ठेवण्याची युक्तीही अशा नावांनाच चालते. रिकाम्या कंसात ० आणि १ दोन्ही भरले जाऊन घोळ वाढतो. एकही टिक नसेल तर जमा[] ही ॲरेच येत नाही, तेव्हा लूपआधी (एकेक मूल्य घेणाऱ्या आवर्तनाआधी) ती आहे का हे तपासावे.

ब्राउझरात चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत कंसवाले नाव टिंब देऊन लिहिता येत नाही. ते अवतरणात घालून मागावे लागते. तेथे आणखी एक खोच आहे: फॉर्मच्या एलिमेंट्समधून (त्यातील फील्डच्या संचातून) मागितल्यावर फील्ड अनेक असतील तर यादी मिळते, एकच असेल तर ते फील्डच हाती येते. त्याला लेंग्थ (यादीची लांबी) नसल्याने लूप एकदाही फिरत नाही. पानावरची फील्ड शोधून देणारे क्वेरीसिलेक्टरऑल मात्र दर वेळी यादीच देते. फॉर्मची मूल्ये गोळा करणाऱ्या फॉर्मडेटात गेट ही आज्ञा पहिलेच मूल्य देते. सगळी हवीत तर गेटऑल.

२०१२ साली आलेल्या पीएचपी ५.३.९पासून एका विनंतीतील फील्डवर मर्यादा आहे. सेटिंग बदलले नसेल तर ती १,०००. परळच्या एखाद्या टॉवरमध्ये ३०० सदनिका आणि दर ओळीला ४ भरलेली फील्ड असली, तर शेवटच्या ५० सदनिका गळतात व मागे फक्त एक वॉर्निंग राहते. उलट बाजूने, साध्या फील्डच्या नावाला बाहेरून कोणीही कंस जोडून ॲरे पाठवू शकतो; पीएचपी ८मध्ये ती ट्रिमला (कडेच्या मोकळ्या जागा काढणाऱ्या फंक्शनला) दिली की टाइप एरर, म्हणजे चुकीच्या प्रकाराची एरर, येते. म्हणून मूल्य वापरण्याआधी त्याचा प्रकार तपासतात.