पार्श्वभूमी : खेळण्यातल्या इंजिनाचा जाळ

जुनं, खेळण्यातलं वाफेचं इंजिन चालतं करायला घेतलं की रंग, पितळेची चकाकी, गळके वॉशर ही कामं आज ना उद्या मार्गी लागतात. घोडं अडतं ते बॉयलरखालच्या जाळापाशी. इंजिन 1965 च्या आसपासचं असतं, पण सोबत आलेला पत्र्याचा ट्रे त्यानंतरच्या काळातला, घन इंधनाची वडी ठेवण्याचा. मूळचा स्पिरिटचा बर्नर केव्हाच हरवलेला. अशा वेळी ट्रेवर भागवावं, की बर्नर शोधून किंवा नव्याने घडवून बसवावा, यावर दुरुस्ती करणाऱ्यांत सरळ दोन तट आहेत. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या एका नियमाने या वादात आणखी तेल ओतलं.

फार मागे जायचं तर एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश पितळी आगगाड्यांपर्यंत जाता येतं. त्यांना रूळ नसत. पुढची चाकं तिरकी करून गाडी जमिनीवर गोल फिरवायची, आणि ती मागे पाण्याची रेघ सोडत जायची, म्हणून त्यांचं नाव पडलं ‘ड्रिबलर’. दिव्यातलं स्पिरिट सांडून गालिचा पेटणं हाही त्या खेळातलाच एक धोका. अमेरिकेत 1884 मध्ये मुलांच्या एका साप्ताहिकाने वर्गणीदार मिळवण्यासाठी बक्षीस म्हणून छोटं इंजिन देऊ केलं. पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत या खेळण्यांत जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहराचा दबदबा होता. तिथले काही मोठे कारखाने ज्यू कुटुंबांचे होते. 1930 च्या दशकातली मंदी आणि पाठोपाठ आलेली नाझी राजवट यांत ते बुडाले किंवा दुसऱ्यांच्या घशात गेले. आपल्या जत्रांत मिळणारी, पाण्यावर फटफट करत जाणारी पत्र्याची बोटही याच कुळातली, तिचं ब्रिटिश पेटंट 1891 चं. या काळातल्या खेळण्यांत जाळ म्हणजे बहुतेक स्पिरिटचाच, त्यावर कुणी वाद घालत बसलं नाही.

आज दुरुस्तीच्या टेबलावर येणारं इंजिन बहुधा इतकं जुनं नसतं. ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांतलं असतं. त्यातही दोन छाप सारखे भेटतात. जर्मनीतल्या ल्यूडेनशाइडचं विलेस्को आणि ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमचं मॅमॉड. विलेस्कोवाले आधी ॲल्युमिनियमचे काटे-चमचे बनवत, इंजिनांकडे वळले 1950 मध्ये. मॅमॉडची सुरुवात 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धातली, पण घराघरांत पोचलं ते साठच्या दशकात. 1961 मध्ये रोडरोलर आणि 1963 मध्ये ट्रॅक्शन इंजिन, हिरवं अंग आणि लाल चाकांचं. डुलता सिलिंडर, पितळी बॉयलर, एक शिट्टी, एक सेफ्टी व्हॉल्व्ह. यापलीकडे बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही, म्हणूनच साठ वर्षं माळ्यावर पडलेलं इंजिनही थोड्या मेहनतीत पुन्हा फिरायला लागतं. पुढची सगळी भानगड या मॅमॉडभोवतीच फिरते.

त्याचा सुरुवातीचा बर्नर म्हणजे एक चपटी टाकी, तिच्यावर आखूड नळ्या आणि नळ्यांत सुती वात. नंतर उघड्या वातीऐवजी, स्पिरिटची वाफ करून ती जाळणारा प्रकार आला. टाकी एवढीशीच का, याला कारण आहे. ती एकदा भरल्यावर जाळ जेवढा वेळ टिकेल, तेवढ्या वेळात बॉयलरमधलं पाणी पुरतं आटू नये, असा तो हिशेब होता. पाणी भरताना बॉयलरच्या टोकावरचा बारका स्क्रू काढून ठेवायचा. तिथून पाणी ठिबकू लागलं की पातळी बरोबर, स्क्रू परत घट्ट. मग बर्नर भरून पेटवायचा आणि विझेपर्यंत इंजिन चालवायचं. दुसऱ्यांदा पेटवण्याआधी पुन्हा पाण्यापासून सुरुवात.

हा क्रम पाळण्यावर इंजिनाचा जीव अवलंबून असतो. जुन्या बॉयलरांचे अनेक सांधे शिसं-कथलाच्या साध्या सोल्डरने जोडलेले असतात. ते सोल्डर साधारण 183 अंश सेल्सिअसला वितळायला लागतं. सेफ्टी व्हॉल्व्ह दीड बार दाबाला उघडत असेल, तर आतलं पाणी 127 अंशांच्या फार पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे पाणी आहे तोवर सांधे शाबूत. पाणी संपलं की मात्र पितळ बघता बघता तापतं, सोल्डर ओघळतं आणि टोकाची झाकणी सुटते. दुरुस्तीला आलेल्या बॉयलरच्या खालच्या कडेवर सोल्डरचा थेंब लोंबत असेल, तर ते इंजिन कधीतरी कोरडं चाललं आहे, हे न विचारता समजावं.

आता मुख्य वाद. 1970 च्या दशकाच्या मध्यानंतर मॅमॉडच्या कारखान्याने स्पिरिट सोडलं आणि घन इंधनाच्या वड्या आणल्या. कारण दिलं सुरक्षेचं, आणि त्यात तथ्यही होतं. स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. बर्नर विझला समजून कुणी गरम टाकीत बाटलीतून स्पिरिट ओतायला जातं आणि भडका उडतो. टेबलावर बर्नर कलंडला की जाळ स्पिरिटबरोबर पसरत जातो. पिनेचा स्टोव्ह पेटवताना ज्यांच्या घरी स्पिरिटची वाटी सांडली असेल, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वडी यातलं काही करत नाही. ती जागची हलत नाही, सांडत नाही, दिसेल अशी जळते. पाण्याची पातळी दाखवणारी काचही पुढे सत्तरीच्या अखेरीस आली, आणि पालकांच्या दृष्टीने इंजिन आधीपेक्षा शहाणं झालं.

तरीही या निर्णयात एक मोठी गफलत होती, आणि ती क्वचितच मोजली जाते. मोजून भरलेली टाकी गेली. किती वड्या ठेवायच्या हे पत्रकात लिहिलेलं असे, पण इंजिन मंदावलं की ट्रे ओढून अजून एक वडी टाकायला मुलाला कुणाची परवानगी लागत नव्हती. टाकीचं कुलूप निघालं आणि जागी आली छापील सूचना. हाताला चटका बसण्याचा धोका घटला, पण बॉयलर कोरडा पडायची वाट मोकळी झाली. उष्णतेत तर फारसा फरक नव्हताच. किलोमागे दोन्ही इंधनं 27 ते 30 मेगाज्यूलच्या घरातली. दुसरी तक्रार घाणीची. स्पिरिटवर चाललेल्या बॉयलरचा तळ निळसर-तांबूस झाक सोडता स्वच्छ राहतो. वडीने मात्र तळावर, जाळाच्या पेटीवर आणि रंगावरही तपकिरी चिकट थर धरतो, आणि खोलीत डोळ्यांना झोंबणारा वास राहतो. इंजिनाने आयुष्यभर काय जाळलं, हे त्याला उलटं केलं की पहिल्याच नजरेत कळतं.

जुन्या इंजिनांतही ट्रे बसवून घेणारे पुष्कळ निघाले, आणि तिथूनच आजचा गुंता सुरू होतो. बर्नर अडगळीत गेले, टाकून दिले गेले. आज साठच्या दशकातलं इंजिन ‘मूळ स्थितीत’ म्हणून विकायला येतं, तेव्हा त्याच्याखाली काय असेल याचा नेम नसतो. एका तटाचं म्हणणं, ट्रे हाही त्या इंजिनाच्या आयुष्याचा भाग आहे, घरच्यांनी तो बदलून घेतला, त्यावर मुलं खेळली, आता तो काढून टाकणं म्हणजे इतिहास पुसणं. दुसऱ्या तटाला हे भावनिक वाटतं. जाळाच्या पेटीची रचना स्पिरिटसाठी, बॉयलरचं माप स्पिरिटसाठी, मग खाली वडी कशाला? दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद मला अधिक वजनदार वाटतो, कारण तो यंत्राच्या घडणीवरून निघतो. पण नव्याने घडवलेला बर्नर ‘मूळ’ म्हणून खपवणारेही याच तटात आहेत, हे विसरून चालणार नाही.

कारखान्याचं पुढे काय झालं तेही इथे नोंदवायला हवं. 1979 मध्ये त्याने बागेत रुळांवर धावणारं इंजिन काढलं, त्यात पैसा अडकला आणि 1980 मध्ये कारभार कर्जवसुली करणाऱ्यांच्या हाती गेला. छाप मात्र हात बदलत वेस्ट मिडलंड्समध्येच टिकला, आणि वडीही टिकली.

ही वडी हेक्झामिनची. हे रसायन 1859 पासून ठाऊक आहे. 1936 मध्ये जर्मनीत त्याच्या वड्या घडीच्या छोट्या चुलीबरोबर विकल्या जाऊ लागल्या, आणि सैन्यांनी त्या उचलल्या. आपल्या लष्करातही शिधा गरम करायला हीच वडी वापरतात. अडचण अशी की हेच रसायन आरडीएक्स या स्फोटकाचा कच्चा माल आहे. युरोपीय संघात संशयास्पद खरेदी कळवण्याचं बंधन विक्रेत्यावर आहे, खरेदीदाराला परवाना लागत नाही. ब्रिटन एक पाऊल पुढे गेलं. 1 ऑक्टोबर 2023 पासून तिथे सामान्य माणसाला हेक्झामिन परवान्याशिवाय घेता येत नाही. मुलांसाठी सुरक्षित म्हणून आणलेलं इंधन सत्तेचाळीस वर्षांनी स्फोटकांच्या यादीशेजारी जाऊन बसलं. आता पर्याय म्हणून बायोइथेनॉलचं जेल पुढे आलं आहे. इथेनॉल म्हणजे शेवटी स्पिरिटचाच भाऊबंद, फक्त घट्ट केलेला. जेलवर पाणी तापायला वेळ लागतो ही चालवणाऱ्यांची नेहमीची कुरकुर, पण ते सांडत नाही, हा सत्तरच्या दशकातला मुद्दा त्याच्या बाजूनेही आहे.

गंमत म्हणजे खेळण्यांच्या सुरक्षेचे युरोपीय नियम या वस्तूला हातच लावत नाहीत. 1988 च्या निर्देशात ‘खेळण्यातली वाफेची इंजिनं’ वगळलेल्या वस्तूंच्या यादीत होती, आणि 2009 च्या निर्देशातही ती गलोल आणि ज्वलन इंजिनाच्या खेळगाड्यांसोबत बाहेरच राहिली. बॉयलरची गोष्टही तशीच. ब्रिटनमधल्या मॉडेल इंजिनवाल्यांच्या तपासणीच्या नियमावलीत दाब आणि आकारमान यांचा गुणाकार 3 बार-लिटरपेक्षा कमी असलेले बॉयलर लहान गणले जातात, त्यांना मोठ्यांसारखी प्रमाणपत्रं लागत नाहीत. शंभर मिलिलिटरचा बॉयलर दीड बारवर धरला तर गुणाकार येतो 0.15. त्यामुळे दाबाची चाचणी ज्याची त्याने करायची. बॉयलर काठोकाठ थंड पाण्याने भरायचा, आत हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही, आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन सांधे न्याहाळायचे. हवेचा दाब देऊन ही चाचणी कधीच करू नये. पाण्याचा सांधा फुटला तर फक्त ठिबकतो, दाबलेली हवा मात्र पितळेचा तुकडा उडवते. आतला क्षार काढायला सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी पुरतं. बाहेरून चिंच लावायला हरकत नाही, फक्त नंतर स्वच्छ धुऊन कोरडं करायचं.

महाराष्ट्रात अशी इंजिनं फार नाहीत. परदेशी राहिलेल्या नातेवाइकांनी आणलेली किंवा जुन्या बाजारात सापडलेली, एवढीच. इथे अडचण उलटी येते. विकृत मद्यार्क, म्हणजे बर्नरला लागणारं स्पिरिट, 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात तो सहज मिळेल याचा भरवसा नाही. त्याऐवजी लोक औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणतात. ते जळतं खरं, पण पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्योतीने. दोन-चार वेळा चालवलं की बॉयलरचा तळ काळाकुट्ट होतो आणि घासूनपुसून चकचकीत केलेलं पितळ पुन्हा घासायला घ्यावं लागतं.