राजकीय कमिसार
राजकीय कमिसार : लाल सैन्यातील सेनाधिकाऱ्यांवर देखरेख ठेवण्यासाठी बोल्शेव्हिक (रशियन साम्यवादी) राजवटीने नेमलेला प्रतिनिधी. रशियन यादवी युद्धात (सु. १९१८–२०) हे पद विशेष महत्त्वाला चढले.

पदाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचे मूळ फ्रेंच राष्ट्रीय परिषदेने १७९३ मध्ये सैन्यांकडे धाडलेल्या प्रतिनिधींमध्ये शोधतात. बोल्शेव्हिक नेत्यांसमोर फ्रान्सचा दाखला होता, हे खरे. परंतु ते प्रतिनिधी परिषदेचे सभासद असून ठरावीक कामगिरीवर जात आणि सेनापतीला थेट पदच्युत करू शकत. कमिसार मात्र पलटणीतच कायम राही. त्यामुळे झारच्या पदत्यागानंतर आलेल्या रशियाच्या हंगामी सरकारने १९१७ मध्ये आघाड्यांवर नेमलेले कमिसार हेच त्याचे जवळचे पूर्वरूप मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

झारच्या सैन्यातील हजारो अधिकाऱ्यांना बोल्शेव्हिक युद्धखात्याचा प्रमुख ट्रॉट्स्की याने लाल सैन्याच्या सेवेत घेतले. त्यांच्याविना युद्ध चालवणे अशक्य होते आणि त्यांच्यावर विश्वास टाकणेही अवघड होते. यावर तोडगा निघाला तो सहीचा. एप्रिल १९१८ च्या आदेशानुसार कमिसारच्या सहीशिवाय हुकूम ग्राह्य धरला जाईना. या सहीचा अर्थ नेमका होता : हुकमामागे प्रतिक्रांतीचा हेतू नाही, एवढीच तिची हमी, डावपेच बरोबर की चूक, याची जबाबदारी सेनाधिकाऱ्याची. जुलै १९१८ मध्ये पूर्व आघाडीचा सेनापती, माजी झारशाही अधिकारी मुराव्योव्ह याने सिंबिर्स्क येथे बंड केले, तेव्हा या संशयाला बळकटी आली.

व्यवहारात मात्र हमीची सही नकाराधिकार होऊन बसली. त्सारित्सिन (नंतरचे स्टालिनग्राड) येथे स्टालिन व त्याचा सहकारी सेनानी व्होरोशिलोव्ह यांनी दक्षिण आघाडीचा सेनापती, माजी झारशाही जनरल सितिन याचा अधिकार मानला नाही. ऑक्टोबर १९१८ मध्ये स्टालिनला परत बोलावण्यात आले. ऑगस्ट १९२० मध्ये पोलंडविरुद्धच्या युद्धात पहिले घोडदळ सैन्य पश्चिम आघाडीचा सेनापती तुखाचेव्हस्की याच्याकडे वर्ग करण्याच्या हुकमावर नैर्ऋत्य आघाडीचा सेनापती येगोरोव्हने सही केली, पण त्या आघाडीच्या क्रांतिकारी युद्धमंडळाचा (सेनापती व कमिसार यांच्या संयुक्त मंडळाचा) सभासद स्टालिन याने सही नाकारली. अखेर दुसरा सभासद बेर्झिन याची सही घेऊन हुकूम निघाला. वॉर्सापुढील पराभवाला हा विलंब कितपत कारणीभूत, यावर एकमत नाही. घोडदळ वेळेवर निघाले असते तरी ते पोचले असते का, हा आक्षेप वजनदार आहे.

१९२५ पासून एकहाती सेनाधिकाराचे, म्हणजे कमिसारच्या सहीविना सेनाधिकाऱ्याने हुकूम काढण्याचे, धोरण आले. पुढे हे पद १९३७ व १९४१ मध्ये पुन्हा आणले गेले आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये रद्द झाले.