वर्णभेदाचा कायदा आणि दुकानदाराचा वर्णभेद

‘1954 च्या ब्राउन निकालाने अमेरिकेत वर्णभेद बेकायदा ठरला.’ हे वाक्य वाचून वाचून कंटाळा आलाय. तो निकाल सरकारी शाळांपुरता होता. तसं असतं तर 1960 साली ग्रीन्सबरोचे काळे विद्यार्थी कॉफी मिळावी म्हणून दुकानातल्या फक्त गोऱ्यांच्या काउंटरवर ठाण मांडून कशाला बसले असते?

‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द आपल्याला आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 मुळे पाठ असतात. ते अमेरिकी घटनेच्या 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीतून आले, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. गोंधळ त्यापुढे सुरू होतो. आपल्याकडे 14 च्या शेजारीच 15(2) आहे: दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव इथे जातीधर्मावरून कुणाला अडवायचं नाही. शिवाय अस्पृश्यता बंद करणारं 17 आहे. ही कलमं खासगी माणसालाही बांधतात, म्हणून अमेरिकेतही तसंच असेल असं आपण गृहीत धरतो.

तिथे तसं नाही. चौदावी दुरुस्ती म्हणते, कोणतंही राज्य हे संरक्षण नाकारणार नाही. राज्य म्हणजे विधिमंडळ, नगरपालिका, सरकारी शाळा, पोलीस, कोर्ट. हॉटेलवाला त्यात येत नाही. 1875 मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मुक्कामाची हॉटेलं, नाट्यगृहं, आगगाड्या सर्वांना खुल्या करणारा कायदा केला होता. सुप्रीम कोर्टाने 1883 मध्ये नेमक्या याच कारणाने तो रद्द केला. ब्राउनने तो निकाल फिरवला नाही.

म्हणून कुठलंही प्रकरण वाचताना पहिला प्रश्न: काळ्या-गोऱ्यांमधली रेघ कोणी ओढली, राज्याने की खासगी माणसाने? लुइझियानाने 1890 मध्ये आगगाडीचे वेगळे डबे सक्तीचे केले, रेघ राज्याची. 1896 मध्ये कोर्टाने ‘वेगळे पण समान’ म्हणून ती चालवून घेतली, हा निकाल चुकला, पण प्रश्न समान संरक्षणाचाच होता. ब्राउनमधल्या शाळा, 1956 च्या निकालातल्या माँटगोमेरी शहराच्या बस, तिथेही तेच.

खरी गंमत मधल्या प्रकरणांत आहे. दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल शहरात दहा काळ्या तरुणांना दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवरून उठवलं, ते उठले नाहीत, म्हणून अतिक्रमणाचा गुन्हा. वरवर पाहता निर्णय दुकानदाराचा. पण शहराचाच नियम होता: काळ्या-गोऱ्यांची टेबलं वेगळी, त्यांच्यात किमान 35 फूट अंतर, बशा वेगळ्या आणि खूण केलेल्या. (वेगळी कपबशी म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावायला नको.) 1963 मध्ये कोर्ट म्हणालं, शहराने हुकूमच दिलाय म्हटल्यावर दुकानदाराने मनाने काय केलं असतं हे विचारायचंच नाही. शिक्षा रद्द. असा नियम नसता तर? 1964 मध्ये मेरीलँडच्या खटल्यात हा प्रश्न थेट समोर आला, तेव्हा कोर्टाने तो टाळला.

घर काळ्यांना विकायचं नाही असा शेजाऱ्यांचा आपसातला करार खासगीच; पण तो कोर्टाच्या हुकमाने अमलात आणणं ही राज्याची कृती, असं 1948 मध्ये ठरलं. सरकारी पार्किंगच्या इमारतीत भाड्याने चालणारं कॉफी शॉपही 1961 मध्ये याच जाळ्यात आलं.

उरलेली हॉटेलं खुली केली ती 1964 च्या नागरी हक्क कायद्याने, आणि त्याला ‘समान संरक्षणाची अंमलबजावणी’ म्हणणं मला पटत नाही. कोर्टाने तो कायदा उचलून धरला तो राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन करण्याच्या काँग्रेसच्या अधिकाराखाली. अलाबामातल्या बर्मिंगहॅममधल्या ऑलीज बार्बेक्यू या उपाहारगृहाच्या खटल्यात मोजलं गेलं ते मांस: वर्षभरात घेतलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या मालापैकी जवळपास 70,000 डॉलरचं मांस राज्याबाहेरून आलं होतं, तेवढं पुरलं. आणि मालक स्वतः राहतो त्या घरात भाड्याच्या खोल्या पाचापेक्षा जास्त नसतील, तर त्या कायद्यातलं मुक्कामाच्या जागांचं कलम त्याला लागू होत नाही.