पेशंट मूल, सिगारेट आईबापांची

बाळाला डोस द्यायला आणलेल्या बापाच्या शर्टाला सिगारेटचा वास येतोय आणि तो डॉक्टरांना कळतोय. आता बोलायचं की नाही? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी कित्येक वर्षं गप्प राहणंच पसंत केलं, कारण बाप त्यांचा पेशंट नव्हता. आईबापांचं धूम्रपान मुलांच्या डॉक्टरांकडून सोडवण्याचा आजवरचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

धुरामुळे मुलांना त्रास होतो, हे माहीत नव्हतं असं मुळीच नाही. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लंडनजवळच्या हॅरोमधली आणि जेरुसलेममधली अशा दोन पाहण्या आल्या. पहिल्या वर्षात ब्राँकायटिस आणि न्यूमोनिया होण्याचं प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांच्या बाळांत जास्त आढळलं. १९८६ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणारे प्रमुख डॉक्टर, सी. एव्हरेट कूप यांनी दुसऱ्याच्या धुरावर अख्खा अहवाल काढला. हे कूप मूळचे फिलाडेल्फियातले लहान मुलांचे सर्जन. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आकडाच मांडला: देशातल्या दीड वर्षाखालच्या मुलांमधले दरवर्षीचे दीड ते तीन लाख श्वसनसंसर्ग या धुरामुळे होतात.

दवाखान्यात मात्र फार काही हललं नाही. व्यसन सोडवण्याची ठरलेली पद्धत पाच पायऱ्यांची होती आणि ती मोठ्यांच्या डॉक्टरांसाठी बेतलेली. मुलांच्या डॉक्टरकडे वेळ नाही, आईबाप दुखावतील ही धास्ती वेगळीच. शिवाय बापाच्या नावाचं औषध मुलाच्या फायलीत लिहायचं कसं आणि विमा कंपनीकडे बिल कुणाच्या नावे लावायचं? हे प्रश्न क्षुल्लक वाटतात, पण चांगल्या योजना बहुतेक वेळा इथेच अडकतात. दुसरीकडे, पंचविशीतला धडधाकट बाप स्वतःसाठी डॉक्टरकडे जातो कधी? बाळाला घेऊन मात्र पहिल्या वर्षात सात-आठ वेळा जावंच लागतं.

हा धागा पकडला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. जोनाथन विनिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. आधी त्यांनी श्वसनाच्या आजाराने दाखल झालेल्या मुलांच्या आईबापांना गाठलं. त्या प्रयोगाचा निबंध २००३ चा. मग साध्या बाह्यरुग्ण दवाखान्यांसाठी ‘सीज’ हा कार्यक्रम आखला. इंग्रजी नाव लांबलचक आहे, पण त्याच्या आद्याक्षरांतून ‘थांबा’ असा अर्थ निघतो. पाच पायऱ्यांच्या तीन झाल्या: विचारा, मदत करा, पुढे पाठवा. प्रतीक्षागृहातच एक छोटा फॉर्म भरून घ्यायचा. आईबापांची तयारी असेल तर निकोटिनच्या पट्ट्या आणि च्युइंगगमची आधीच छापून ठेवलेली चिठ्ठी त्यांच्या हातात द्यायची आणि नाव क्विटलाइनला कळवायचं. व्यसन सोडायला फोनवर मदत करणारी ही सेवा २००४ पासून अमेरिकाभर एकाच नंबरवर मिळू लागली होती. उपदेशाला यात फारशी जागा नव्हती, आणि मला वाटतं हीच यातली खरी हुशारी.

या कामाला बळ कुठून मिळालं, ती कथाही सांगण्यासारखी आहे. विमानात दुसऱ्यांच्या सिगारेटचा धूर वर्षानुवर्षं घेतलेल्या हवाई सुंदरींनी तंबाखू कंपन्यांवर फ्लोरिडात खटला भरला. १९९७ मध्ये तडजोड होऊन ३० कोटी डॉलर मंजूर झाले, पण ते संशोधनासाठी. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या पैशावर अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००६ मध्ये खास केंद्र काढलं आणि त्याला ज्युलियस रिचमंड यांचं नाव दिलं. रिचमंड बालरोगतज्ज्ञ, माजी सर्जन जनरल, आणि याच खटल्यात हवाई सुंदरींच्या बाजूने साक्ष दिलेले.

‘सीज’ची मोठी चाचणी १६ राज्यांतल्या २० दवाखान्यांत झाली. २०१३ मध्ये निकाल आला: कार्यक्रम राबवणाऱ्या दवाखान्यांत धूम्रपान करणाऱ्या ४२.५ टक्के आईबापांना ठोस मदत मिळाली, इतरत्र ३.५ टक्क्यांना. अर्थात मदत मिळणं वेगळं आणि सिगारेट सुटणं वेगळं. २०१९ च्या पुढच्या चाचणीत दोन वर्षांनी या दवाखान्यांत येणाऱ्या पालकांमधलं धूम्रपान २.७ टक्क्यांनी उतरलं, तर तुलनेच्या दवाखान्यांत किंचित वाढलं. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचा, मुलांना धुरापासून वाचवणाऱ्या जगभरच्या उपक्रमांवरचा २०१८ चा आढावा मात्र थंड पाणी ओततो: ७८ पैकी फक्त २६ अभ्यासांत फायदा दिसला.

हाच फॉर्म उचलून महाराष्ट्रात आणला तर पहिलाच प्रश्न फसेल. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. तंबाखू, मिश्री, गुटखा अशा बिनधुराच्या प्रकारांत मात्र २४.४ टक्के अडकले होते. ‘घरात कोणी ओढतं का?’ असं विचारलं, तर सकाळी मिश्री लावून बाळाला डोस द्यायला आलेली आई अगदी खरेपणाने ‘नाही’ म्हणेल.